एन्नोर बंदराच्या निमित्ताने : जावा आणि डॉटनेट

चेन्नई बंदराच्या उत्तरेस सुमारे २४ किलोमीटर अंतरावर, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या परिसरात एन्नोर वसलेले आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचा, म्हणजे आजच्या अशोक लेलँडचा कारखाना येथे आहे. औष्णिक वीज केंद्रेही येथेच उभी राहिली. या वीज केंद्रांना लागणारा कोळसा उतरवण्यासाठी चेन्नईचे उपबंदर म्हणून एन्नोर बंदराची कल्पना पुढे आली. १९९९ साली ते प्रमुख बंदर म्हणून घोषित झाले, त्याच वर्षी कंपनी कायद्याखाली एन्नोर पोर्ट लिमिटेडची नोंदणी करण्यात आली आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते बंदर राष्ट्राला अर्पण झाले. न्यासाऐवजी कंपनीच्या रूपात चालणारे हे देशातील पहिले प्रमुख बंदर होय. २०१४ साली त्याला कामराजर यांचे नाव देण्यात आले. २०२० साली केंद्र सरकारचा हिस्सा चेन्नई बंदराने विकत घेतला.

या बंदराचे वैशिष्ट्य असे की, ते जमीनदार पद्धतीने चालते. जमीन, जलमार्ग आणि लाटरोधक भिंती बंदराच्या, परंतु कोळसा, द्रवपदार्थ, कंटेनर यांचे धक्के बहुतांशी निरनिराळ्या संस्था चालवतात. चेन्नई बंदरात कोळसा हाताळण्यास मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये बंदी आली आणि ती वाहतूक एन्नोरकडे वळली. परदेशी निघालेल्या मोटारगाड्या येथूनच जहाजात चढतात. द्रवरूप नैसर्गिक वायूचे केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. माल वेगवेगळा, धक्के वेगवेगळे, त्यांचे चालक वेगवेगळे. या सर्वांना जोडणारा धागा कोणता, तर कागद. आणि तो कागद आता कागद राहिलेला नाही, तो संगणकातील नोंद झाला आहे.

एक मोटारगाडी जहाजात चढण्यापूर्वी तिच्यासाठी निर्यातपत्रक सीमाशुल्क विभागाच्या संगणकावर दाखल होते, निर्यातीची परवानगी मिळते, धक्क्याच्या वाहनतळावर तिचा क्रमांक नोंदवला जातो, बंदराचे शुल्क आकारले जाते, वस्तू व सेवा कराचे बीजक निघते आणि जहाज सुटल्यावर मालाची यादी पुन्हा सीमाशुल्क विभागाकडे जाते. सीमाशुल्काची संगणक प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली व तिची सुरुवात १९९५ मध्ये दिल्लीत झाली. बंदरांशी संबंधित सर्व घटकांना जोडणारी ‘पोर्ट कम्युनिटी सिस्टीम’ची नवी आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली आणि तिची जागा घेणारे राष्ट्रीय लॉजिस्टिक्स पोर्टल (सागरी) जानेवारी २०२३ मध्ये कार्यान्वित झाले. या मोठ्या प्रणालींच्या भोवती धक्काचालक, जहाज कंपन्यांचे प्रतिनिधी, क्लिअरिंग एजंट, गोदामवाले आणि मालमोटारींचे मालक यांच्या लहानमोठ्या प्रणाली उभ्या असतात. अशी प्रणाली नव्याने करून घ्यायची असेल, तर पहिल्याच बैठकीत जो प्रश्न निघतो तो म्हणजे, जावा की डॉटनेट?

हा प्रश्न वरवर तंत्रज्ञांचा वाटतो. प्रत्यक्षात तो पंधरा-वीस वर्षांच्या खर्चाचा प्रश्न आहे. बंदराच्या धक्क्याचा करार अनेकदा तीस वर्षांचा असतो आणि एकदा बसलेली संगणक प्रणाली सहजासहजी उठत नाही.

एकाच भांडणातून जन्मलेली भावंडे

जावा ही भाषा अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. १९९१ साली घरगुती उपकरणांसाठी सुरू झालेला हा प्रकल्प १९९५ मध्ये जगापुढे आला तो मात्र इंटरनेटची भाषा म्हणून. ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ हे तिचे आश्वासन होते. तोपर्यंत एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालवायची, तर ती पुन्हा त्या यंत्राच्या भाषेत रूपांतरित करावी लागे. जावाने मध्ये एक पायरी घातली. आज्ञावलीचे रूपांतर थेट यंत्राच्या भाषेत न होता एका मधल्या संकेतभाषेत होते आणि प्रत्येक संगणकावर बसवलेले ‘आभासी यंत्र’ ती संकेतभाषा वाचून चालवते. वापरून झालेली स्मृती मोकळी करण्याचे कामही तेच यंत्र करते. सी किंवा सी-प्लस-प्लस या भाषांत हे काम प्रोग्रामरच्या शिरावर असे आणि तेथे झालेली चूक शोधण्यात रात्रीच्या रात्री जात.

मायक्रोसॉफ्टने जावाचा परवाना घेतला, परंतु तिच्यात विंडोजपुरत्या चालणाऱ्या सोयी घातल्या. सनने १९९७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. २००१ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि मायक्रोसॉफ्टने सनला दोन कोटी डॉलर दिले. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टने स्वतःचीच वाट काढली होती. टर्बो पास्कलचे कर्ते म्हणून ओळखले जाणारे अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली ‘सी-शार्प’ ही भाषा तयार झाली आणि ती ज्या पायावर चालते तो ‘डॉटनेट फ्रेमवर्क’ २००२ च्या फेब्रुवारीत बाजारात आला. मधली संकेतभाषा, आभासी यंत्र, स्मृतीची स्वयंचलित सफाई, ही सर्व रचना येथेही होतीच. जावा जाणणाऱ्याला सी-शार्पचे पान वाचता येते आणि सी-शार्प जाणणाऱ्याला जावाचे. मराठी वाचकाला कोकणी मजकूर जितका परका वाटेल, त्याहूनही हे अंतर कमी आहे.

तेव्हा भाषेच्या व्याकरणावरून निवड करण्यास फारसा वाव नाही. फरक आहेत, पण ते येथे थोडक्यात सांगून पुढे जाणे बरे. माहितीसाठ्यातून हवे ते निवडण्याची भाषा सी-शार्पने २००७ साली स्वतःच्या व्याकरणातच सामावून घेतली. जावाला त्या तऱ्हेच्या सोयीसाठी २०१४ पर्यंत थांबावे लागले. एक काम उत्तराची वाट पाहत असताना दुसरे पुढे नेण्याची सुटसुटीत पद्धत सी-शार्पमध्ये २०१२ साली आली. जावाने त्याच प्रश्नाला २०२३ मध्ये वेगळे आणि प्रोग्रामरला अधिक सोपे उत्तर दिले. एकूण सी-शार्प नव्या सोयी लवकर आणते. जावा मागाहून येते, परंतु जुने लिखाण सहसा मोडू देत नाही.

पैशाचा हिशोब

एक फरक मात्र असा आहे की, व्यवसायाच्या प्रणालीत तो पहिल्याच महिन्यात भेटतो. तो आहे अपूर्णांकांचा.

संगणक दशमान अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो. आपल्याला जसे एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसे संगणकाला एक दशांश द्विमानात पूर्ण लिहिता येत नाही. त्यामुळे नेहमीच्या अपूर्णांकी प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज दोन्ही भाषांत ०.३ न येता सतराव्या दशांश स्थळी चार अधिक दाखवते. शास्त्रीय गणितात हे चालते. बीजकात चालत नाही.

सी-शार्पमध्ये यासाठी ‘डेसिमल’ हा प्रकार भाषेतच आहे. तो २८ ते २९ अंकांपर्यंत दशमान पद्धतीने अचूक असतो आणि त्याची बेरीज-वजाबाकी नेहमीच्या चिन्हांनी लिहिता येते. जावात हे काम ‘बिगडेसिमल’ या घटकाकडे आहे. त्यात अंकांची मर्यादा जवळपास नाहीच, परंतु अधिक व गुणिलेची चिन्हे वापरता येत नाहीत, ‘यात हे मिळव’ असे शब्दांत लिहावे लागते. शिवाय २.० आणि २.०० हे त्याच्या साध्या समानतेच्या कसोटीवर भिन्न ठरतात, कारण दशांश स्थळांची संख्या वेगळी! नवशिक्या प्रोग्रामरला हे कोडे एकदा तरी पडतेच.

येथवर सी-शार्प पुढे आहे. आता १,२३४ रुपये २५ पैशांच्या एका आकारावर १८ टक्के कर काढून पाहू. उत्तर २२२.१६५ रुपये येते. हे दोन दशांश स्थळांत कसे आणावे? शाळेत शिकवलेल्या रीतीने पाच आले की वर न्यायचे, म्हणजे २२२.१७. परंतु डॉटनेटमधील पूर्णांकनाचा मूळ नियम वेगळा आहे. नेमके अर्धे आले तर जवळच्या सम अंकाकडे जावे, असे तो सांगतो आणि उत्तर २२२.१६ देतो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा नियम योग्य आहे, कारण हजारो नोंदींत त्यामुळे एका बाजूला झुकाव होत नाही. पण केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७० मध्ये रक्कम जवळच्या रुपयात आणताना पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास पूर्ण रुपया धरावा, असे स्पष्ट म्हटले आहे. देय कर १२२ रुपये ५० पैसे असेल, तर कायद्याने तो १२३ होतो, डॉटनेटच्या मूळ नियमाने १२२. प्रोग्रामरने ‘अर्धे आल्यास वर’ असे स्वतः नमूद केले तरच उत्तर कायद्याशी जुळते. जावाचा ‘बिगडेसिमल’ येथे अधिक कडक आहे. दशांश स्थळे कमी करायला सांगितली आणि नियम सांगितला नाही, तर तो स्वतःच्या मनाने काही न ठरवता काम थांबवतो आणि चूक दाखवतो.

यात एक गंमत अशी की, तोच आकार राज्यांतर्गत असेल आणि ९-९ टक्क्यांचे दोन कर वेगवेगळे काढले, तर प्रत्येकी १११.०८२५, म्हणजे १११.०८ रुपये येतात आणि बेरीज २२२.१६ होते. एक पैशाचा हा फरक कोणत्याही भाषेचा दोष नव्हे. पण दोन संस्थांच्या प्रणाली एकमेकींशी बोलू लागल्या की, असा एक पैसा बीजक फेटाळण्यास पुरेसा होतो आणि मग लेखा विभागातील कर्मचारी दिवसभर तो पैसा शोधत बसतो. निविदेच्या मसुद्यात भाषेचे नाव लिहिणारे पुष्कळ असतात. पूर्णांकनाचा नियम लिहिणारे थोडे.

भाषेभोवतीचे जग

कोणतीही व्यावसायिक प्रणाली केवळ भाषेवर उभी राहत नाही. माहितीसाठ्याशी जोडणी, वापरकर्त्याची ओळख पटवणे, अहवाल छापणे, दुसऱ्या प्रणालीशी संदेशांची देवघेव, या प्रत्येक कामासाठी आधीच तयार झालेले घटक वापरले जातात. या घटकांच्या संचाला, ते घडवणाऱ्या समूहांना आणि साधनांना मिळून त्या भाषेची परिसंस्था म्हणतात. खरी तुलना येथे सुरू होते.

जावाची परिसंस्था बाजारासारखी आहे. एकाच कामासाठी चार-पाच पर्याय आणि प्रत्येकाचे पुरस्कर्ते वेगळे. सनने १९९९ साली मोठ्या उद्योगांसाठी एक प्रमाण संच जाहीर केला, पण तो इतका जड निघाला की, त्याला कंटाळून ‘स्प्रिंग’ ही चौकट पुढे आली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची. पुढे जावाच्या बहुतेक व्यावसायिक प्रणाली स्प्रिंगवरच उभ्या राहिल्या. माहितीसाठ्यासाठी ‘हायबरनेट’, लिखाणासाठी ‘एक्लिप्स’ किंवा ‘इंटेलिजे’, घटक आणण्यासाठी ‘मेवन’, अशी ही मंडळी निरनिराळ्या घरांतून आलेली आहेत. त्यांची जुळणी करणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. मोठ्या संस्थांना हे परवडते, कारण कोणताही एक पुरवठादार उद्या दुकान बंद करून गेला, तरी काम अडत नाही. जगभरच्या अनेक कंटेनर धक्क्यांवर वापरली जाणारी ‘एन-फोर’ ही प्रणाली जावावर आधारलेली आहे आणि प्रत्येक धक्क्याच्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार करण्यासाठी जावाच्याच आभासी यंत्रावर चालणारी ‘ग्रूव्ही’ भाषा वापरतात.

डॉटनेटचे जग एकत्र कुटुंबासारखे आहे. भाषा, चौकट, ‘व्हिज्युअल स्टुडिओ’ हे लिखाणाचे साधन, माहितीसाठा, सर्व काही एकाच घरातून. काय वापरावे याचे उत्तर बहुधा एकच असते आणि ते मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत लिहिलेले सापडते. चार-पाच जणांच्या लहान संचाला यामुळे काम लवकर उभे करता येते. ज्या कार्यालयात आधीच विंडोजचे संगणक, एक्सेलची पत्रके आणि टॅलीचा हिशोब आहे, तेथे डॉटनेटची प्रणाली घरच्यासारखी मिसळते. बंदरालगतच्या क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयाचे चित्र असेच असते. सातबारा पाहण्यासाठी महाभूलेखच्या संकेतस्थळावर जाणाऱ्यांनी पत्त्याच्या शेवटी ‘एएसपीएक्स’ ही अक्षरे पाहिली असतील. ती डॉटनेटचीच खूण आहे.

परवान्याचे उलटलेले पारडे

२००५ च्या सुमारास कोणी विचारले असते, तर उत्तर सोपे होते. डॉटनेट म्हणजे विंडोज, विंडोज म्हणजे परवान्याचा खर्च. जावा लिनक्सवर चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. हे उत्तर आजही अनेक सल्लागार देतात. मधल्या काळात मात्र पुष्कळ पाणी वाहून गेले आहे.

२००६ मध्ये सनने जावा मुक्त स्रोत परवान्याखाली खुली करण्याची घोषणा केली. २०१० मध्ये ओरॅकलने सनच विकत घेतली. मोबाइल फोनसाठी जावाच्या रचनेचा वापर केल्याबद्दल ओरॅकलने गुगलवर दावा लावला. सुमारे ११,५०० ओळींवरून चाललेले हे प्रकरण २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गुगलच्या बाजूने निकाली काढले. २०१९ पासून ओरॅकलच्या जावा-८ च्या व्यावसायिक वापराला सुधारणा हव्या असतील, तर वर्गणी लागू झाली आणि २०२३ च्या जानेवारीत तर वर्गणीचा हिशोब संस्थेतील एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरू लागला. जावा वापरणारे दहा असोत की दोनशे, पटावर असतील तितके सर्व मोजायचे. यावर उपाय सोपा आहे. तीच जावा ‘टेमुरिन’, ‘कोरेटो’ अशा नावांनी विनामूल्य मिळते आणि बहुतेक प्रणालींना तेवढी पुरते. पण कोणत्या सर्व्हरवर कोणाची जावा बसली आहे, याची नोंदच नसलेल्या संस्था कमी नाहीत.

तिकडे मायक्रोसॉफ्टने नेमके उलट केले. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये डॉटनेटचा गाभा मुक्त स्रोत करण्याची घोषणा झाली, २०१६ मध्ये लिनक्सवर चालणारे ‘डॉटनेट कोअर’ आले. दर नोव्हेंबरला एक नवी आवृत्ती निघते व सम क्रमांकाच्या आवृत्तीला तीन वर्षे आधार मिळतो. आता डॉटनेटची प्रणाली लिनक्सवर, पोस्टग्रेस या विनामूल्य माहितीसाठ्यासह, एकही परवाना न घेता उभी करता येते. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. त्याआधीच ‘आधार’ची रचना मुक्त स्रोत घटकांवर झाली होती आणि तिच्यात जावाचा वाटा मोठा आहे. त्या काळी तो निर्णय जवळजवळ अपरिहार्य होता. आज केवळ परवान्याच्या कारणासाठी जावा निवडणे मात्र तितके बिनतोड राहिलेले नाही.

जुने होण्याची किंमत

सरकारी आणि निमसरकारी प्रणालींच्या बाबतीत नव्याने लिहिण्यापेक्षा जुने सांभाळणे हेच मोठे काम असते. येथे दोन्ही घराण्यांनी आपापल्या वापरकर्त्यांना एकेक धक्का दिला आहे.

डॉटनेटच्या पहिल्या दशकात संकेतस्थळे ‘वेब फॉर्म्स’ या पद्धतीने लिहिली जात. वर उल्लेखिलेली ‘एएसपीएक्स’ पाने त्यातलीच. नव्या डॉटनेटमध्ये ही पद्धत आणलीच गेली नाही. जुना फ्रेमवर्क विंडोजचा भाग म्हणून सांभाळला जातो, त्यामुळे जुनी प्रणाली बंद पडत नाही. पण ती लिनक्सवर नेता येत नाही आणि नव्या सोयी तिला मिळत नाहीत. पुढे जायचे तर पडद्यावरचा सारा भाग नव्याने लिहावा लागतो. शेकडो पानांची प्रणाली असणाऱ्या कार्यालयाला हा खर्च दुसऱ्या प्रकल्पाइतकाच पडतो.

जावातील धक्का अधिक विचित्र आहे. मोठ्या उद्योगांसाठीचा प्रमाण संच ओरॅकलने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरवले, परंतु त्यातील घटकांच्या नावांपूर्वी येणारा ‘जावाएक्स’ हा शब्द पुढील बदलांत वापरण्याची मुभा दिली नाही. परिणामी २०२० च्या अखेरीस सर्व घटकांची नावे ‘जकार्ता’ या शब्दाने सुरू होऊ लागली. कामात काही फरक नाही, फक्त नाव बदलले. पण संगणकाला नाव हेच सर्वस्व. स्प्रिंग बूटच्या तिसऱ्या आवृत्तीने २०२२ मध्ये नवी नावे स्वीकारली, जोडीला जावा-१७ बंधनकारक केली, आणि हजारो प्रणालींतील लाखो ओळी तपासून बदलण्याची वेळ आली.

त्याहून जवळचे उदाहरण ‘ॲप्लेट’चे आहे. न्याहाळकाच्या आत चालणारा जावाचा हा छोटा कार्यक्रम एके काळी डिजिटल स्वाक्षरीसाठी सर्रास वापरला जाई. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांना तो परिचयाचा होता. २०१५ मध्ये क्रोमने अशा कार्यक्रमांचा आधार काढून घेतला, इतरांनीही तेच केले. त्यानंतर काही वर्षे अनेक कार्यालयांत एक जुना संगणक, जुन्या न्याहाळकासह आणि जुन्या जावासह, केवळ स्वाक्षरी करण्यासाठी जपून ठेवला जात असे. देवघरातील मूर्तीसारखे त्याला कोणी हलवायचे नाही, असा दंडक असे.

सुरक्षितता

जून २०१७ मध्ये नोटपेट्या या संगणकीय हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे ठप्प झाले आणि त्याचा फटका जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या धक्क्यालाही बसला. माल होता, क्रेन होत्या, माणसे होती, पण कोणता कंटेनर कोणाचा हे सांगणारी प्रणाली नव्हती. हा हल्ला कोठून शिरला? युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सुधारणेतून. ते सॉफ्टवेअर डॉटनेटवर लिहिलेले होते. डिसेंबर २०२१ मध्ये जावाची पाळी आली. ‘लॉग-फोर-जे’ या नोंदी ठेवणाऱ्या, अगदी साध्या कामाच्या घटकात अशी त्रुटी सापडली की, विशिष्ट मजकूर नोंदवला गेला की, परक्याची आज्ञावली सर्व्हरवर चालू शकत होती. तीव्रतेच्या मापावर तिला दहापैकी दहा गुण मिळाले. जगभरच्या तंत्रज्ञांनी त्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला : आपल्या प्रणालीत हा घटक आहे का? अनेकांना उत्तर माहीत नव्हते, कारण तो त्यांनी स्वतः घेतलेला नव्हता. त्यांनी घेतलेल्या घटकाने घेतलेल्या घटकाने तो आणला होता.

दोन्ही प्रसंगांत भाषा दोषी नव्हती. दोष होता तो दुसऱ्याच्या घटकांवर न तपासता टाकलेल्या विश्वासाचा. घटकांचा बाजार जितका मोठा, तितकी ही तपासणी कठीण, आणि या बाबतीत जावाच्या वापरकर्त्याला थोडे अधिक सावध राहावे लागते, एवढे म्हणता येईल.

माणसे

चेन्नईत मनुष्यबळाची वाण नाही. २००० साली टायडेल पार्क उभे राहिले आणि जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत माहिती तंत्रज्ञानाची वसाहतच झाली. आज झोहो म्हणून प्रसिद्ध असलेल्या कंपनीची १९९६ मधील सुरुवात ॲडव्हेंटनेट या नावाने झाली, ती जावामधील दूरसंचार जाळ्यांच्या साधनांनी. तमिळनाडूतील अभियांत्रिकी महाविद्यालयांप्रमाणेच महाराष्ट्रातही जावा अभ्यासक्रमात लवकर आली. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी परदेशी बँका व विमा कंपन्यांसाठी केलेल्या कामात जावाचा मोठा वाटा राहिला. त्यामुळे जावाचा प्रोग्रामर सहज मिळतो. पण अनुभवी जावा प्रोग्रामर बंदरापेक्षा बँकेकडे जातो, कारण तेथे वेतन अधिक मिळते. तालुक्याच्या गावी किंवा एन्नोरसारख्या औद्योगिक उपनगरात लहान कंपन्यांचे काम करणारा स्थानिक प्रोग्रामर बहुधा डॉटनेट जाणणारा असतो. निवड करताना राजधानीतील मनुष्यबळाचा नव्हे, तर रात्री दोन वाजता धक्क्यावरची प्रणाली अडली तर कोण येईल, याचा विचार अधिक उपयोगी ठरतो.

भारतीय भाषांच्या बाबतीत दोन्हीही सारख्याच सोयीच्या आणि सारख्याच गैरसोयीच्या आहेत. दोन्ही भाषा युनिकोड वापरतात. आपल्याला एकच अक्षर वाटणारे ‘क्षि’ त्यांच्या लेखी चार घटकांचे असते, तेव्हा नावासाठी वीस जागांची चौकट ठेवली, तर लांब मराठी वा तमिळ नाव मध्येच तुटते. क्रमवारीतही काळजी लागते. संकेतक्रमांकानुसार ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, मराठी कोशात तो ‘ह’च्या नंतर येतो. भाषेनुसार क्रम लावणारे घटक दोन्हीकडे आहेत, ते वापरण्याची आठवण मात्र ठेवावी लागते. २०२० मध्ये डॉटनेटने विंडोजवर क्रमवारीचा मूळ संचच बदलला आणि जुन्या याद्यांचा क्रम काही ठिकाणी नकळत बदलला.

कोणी काय निवडावे

या सर्व तपशिलावरून एक मत मांडता येते. ज्या प्रणालीला अनेक संस्थांशी बोलायचे आहे, जिची देखभाल करणारा कंत्राटदार दर पाच वर्षांनी बदलण्याची शक्यता आहे आणि जी वीस वर्षे चालवायची आहे, ती जावात करणे अधिक सुरक्षित. पुरवठादारांची संख्या आणि जुने न मोडण्याची सवय, या दोन गोष्टी तिच्या बाजूने आहेत. बंदर प्राधिकरण किंवा मोठा धक्काचालक या वर्गात मोडतो. मोजक्या माणसांची कंपनी, विंडोजवर चालणारे कार्यालय, एकदोन प्रोग्रामर आणि सहा महिन्यांत काम उभे करण्याची निकड असेल, तर डॉटनेट अधिक योग्य, मात्र ते नव्या वाटेचे, लिनक्सवर चालू शकणारे असावे. जुन्या फ्रेमवर्कवर आज नवी प्रणाली लिहून घेणे हे मुदत संपत आलेल्या मालाची खरेदी करण्यासारखे आहे.

तिसरी वाटही आहे. मुंबई, चेन्नई, कोलकाता, पारादीप आणि दीनदयाळ या पाच प्रमुख बंदरांसाठी एकत्रित व्यवसाय प्रणाली उभारण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा प्रथम या बंदरांतील कार्यपद्धती मोजण्यात आल्या. त्या २,४७४ भरल्या. छाननी करून त्या १६२ वर आणण्यात आल्या. हे आकडे पाहता भाषेचा वाद किती लहान आहे हे ध्यानात येते. दोन हजारांहून अधिक पद्धती जशाच्या तशा संगणकावर चढवल्या असत्या, तर त्या जावात लिहिल्या काय आणि सी-शार्पमध्ये लिहिल्या काय, गोंधळ तोच राहिला असता, केवळ तो अधिक वेगाने झाला असता.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. ७६,२२० कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या संयुक्त कंपनीमार्फत उभा राहणार आहे. एन्नोरप्रमाणेच येथेही जमीनदार पद्धत आहे, येथेही धक्के निरनिराळ्या चालकांकडे जातील आणि बंदराच्या वेशीबाहेर वाहतूकदार, गोदामवाले आणि क्लिअरिंग एजंट यांची कार्यालये थाटली जातील. त्यातील अनेक कार्यालये डहाणू-पालघर परिसरातील तरुण चालवतील आणि त्यांना लागणाऱ्या लहान प्रणाली लिहिणारेही तेथूनच पुढे यावेत, अशी अपेक्षा आहे. मच्छीमारांनी व शेतकऱ्यांनी या प्रकल्पाविषयी घेतलेल्या आक्षेपांत उपजीविकेचा प्रश्न अग्रभागी आहे. कौशल्य प्रशिक्षणाच्या वर्गांत कोणती भाषा शिकवायची हे ठरवताना तेथील शिक्षकांपुढे हाच पर्याय येईल. दोहोंपैकी कोणतीही एक नीट शिकलेल्या विद्यार्थ्याला दुसरी आत्मसात करण्यास काही आठवडे पुरतात. कलम १७० मधील पूर्णांकनाचा नियम, निर्यातपत्रकातील रकाने आणि सीमाशुल्काच्या संदेशांची रचना मात्र कोणत्याही भाषेच्या पुस्तकात सापडत नाही. ती धक्क्यावर जाऊनच शिकावी लागते.